चिंचेचा कोळ आणि जपानी धूपपात्र

जुनी कलावस्तू घरी आणल्यावर प्रथम काय करावे, असा प्रश्न नवा संग्राहक नेहमी विचारतो. त्याला माझे उत्तर एकच असते : प्रथम काहीही करू नये. हे उत्तर मला ग्रंथांतून मिळालेले नाही. त्याची किंमत मोजावी लागली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी कोलकात्यातील एका लिलावात मी एक जपानी धूपपात्र घेतले. कांस्याचे, तीन पायांचे, वीतभर उंच. झाकणावर तोंड वासून बसलेला सिंह. धूर त्याच्या मुखातून बाहेर पडावा अशी योजना होती. सर्वांगावर पिकल्या जांभळासारखा काळसर तांबूस रंग होता. इंदूरच्या घरी ते मी फडताळात ठेवले आणि कामानिमित्त परगावी गेलो. परत आलो तो दिवाळी तोंडावर आली होती. देवघरातील समया, तबके, तांब्ये चिंच आणि राखेने घासून उन्हात मांडले होते, आणि त्यांच्या ओळीत माझा सिंहही पिवळाधमक होऊन बसला होता. "अरे, केवढी काजळी साचली होती त्यावर! आता बघ कसं लख्ख दिसतंय," आई समाधानाने म्हणाली. मला काही बोलवेना. ज्या घरात तांबे-पितळ आरशासारखे ठेवणे हाच गृहिणीचा मान, तिथे तिची चूक ती काय? चूक माझी होती. ती काजळी नव्हे, हे मी तिला सांगितलेच नव्हते.

ती काजळी नव्हती, तर काय होते? हे समजण्यासाठी या पात्राच्या मायदेशी जावे लागेल.

जपानी भाषेत धूपपात्रास 'कोरो' म्हणतात. सहाव्या शतकात बौद्ध धर्म जपानात पोचला, आणि त्याच्याबरोबर धूप जाळण्याची रीतही गेली. 'निहोन शोकी' या 720 मध्ये पूर्ण झालेल्या इतिहासग्रंथात 595 सालची एक नोंद आहे. आवाजी बेटाच्या किनाऱ्यास अगरूचा एक मोठा ओंडका वाहत आला. बेटावरच्या लोकांनी तो सरपण म्हणून चुलीत घातला. पण धुराचा सुगंध दूरवर पसरताच त्यांनी तो राजदरबारी नेऊन दिला. पुढे सुगंधाची उपासना तेथे एक स्वतंत्र कला बनली. तिच्यात सुगंध 'घेत' नाहीत. तो 'ऐकतात', असा शब्दप्रयोग आहे. त्या बैठकींत बहुधा चिनी मातीची लहान पात्रे वापरीत. कांस्याची पात्रे मुख्यतः वेदीवर किंवा दिवाणखान्यातील शोभेच्या कोनाड्यात असत. बौद्ध वेदीवर धूपपात्र, दीपदान आणि पुष्पपात्र अशी तीन उपकरणे मांडीत. आज बाजारात मिळणारे एखादे एकटे धूपपात्र अशा दोन सोबत्यांपासून ताटातूट झालेलेही असू शकते.

घडणीची रीत आपणांस परकी नाही. मेणाची प्रतिकृती, तिच्यावर मातीचे लेप, मेण वितळवून मोकळ्या झालेल्या पोकळीत धातूचा रस : आपले मूर्तिकार हीच रीत शतकानुशतके वापरीत आले आहेत. परंतु जपानी कारागिराचे काम साच्यातून पात्र निघाल्यावर संपत नसे. मग रंग चढविण्याचे काम सुरू होई. काही धातू किसलेल्या मुळ्याने चोळून ताम्रक्षारांच्या द्रावणात उकळीत. काहींवर तापल्या अंगाने लाखेचा हात देत. काहींना लोखंड आणि आंबवणापासून केलेल्या काळ्या पाण्याने रंगवीत. हे काळे पाणी म्हणजे तेथील स्त्रियांचे दातवणच! सारांश, वरचा काळसर रंग हा कारागिराच्या हातचा अर्धा पदार्थ असतो. आम्ही तो चिंचेच्या कोळाने धुऊन टाकला.

अशा वस्तू जपानबाहेर आल्या, त्यामागेही मोठ्या उलथापालथी आहेत. 1868 मध्ये मेइजी राजवट आली आणि शिंतो व बौद्ध पंथांची फारकत करण्याचा हुकूम निघाला. अनेक मठांना ओहोटी लागून त्यांची कांस्ये मिळेल त्या भावाने विकली गेली. त्याच सुमारास जपानला गेलेल्या आंरी सेर्नुस्की यांनी तेथे आणि चीनमध्ये मोठा संग्रह जमविला; त्यांच्या नावाचे संग्रहालय 1898 पासून पॅरिस येथे आहे. 1876 मध्ये तलवार बाळगण्यास बंदी झाली, तेव्हा तलवारींच्या मुठी सजविणारे कसबी लोक फुलदाण्या आणि धूपपात्रांकडे वळले. सुझुकी चोकिची यांचे 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेले मोरांचे प्रचंड धूपपात्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात, 1941 च्या हुकुमान्वये, जपानात धातू गोळा करण्यात आला, आणि असंख्य मंदिरांच्या घंटा भट्टीत गेल्या. इतक्या आगींतून वाचलेली वस्तू आपल्या हाती येते, हे संग्राहकाने विसरू नये.

आता खरेदीविषयी थोडेसे. बुडावर सहा चिनी अक्षरांचा शिक्का दिसला की विक्रेता 'मिंग काळ' असे सांगतो. तो बहुधा श्वान-दे या मिंग सम्राटाचा शिक्का असतो. त्याची कारकीर्द 1426 ते 1435 ही होती. पण त्याच्या नावाने पुढील शतकांत चीन आणि जपान या दोन्ही देशांत अगणित पात्रे ओतली गेली. तेव्हा शिक्का हा वयाचा दाखला नव्हे. झाकण मूळचे आहे काय, ते नीट बसते काय, पायांना डाख दिला आहे काय, हे पाहावे. झाकलेल्या भागात करड्या रंगाचा धातू डोकावला, तर पात्र कांस्याचे नसून जस्ताचे असण्याचा संभव असतो. सोबत शाईने लिहिलेली जुनी लाकडी पेटी असल्यास ती कधीही टाकू नये.

घरी आणल्यावर मऊ, कोरड्या कापडाने धूळ टिपावी, एवढेच. चिंच, लिंबू, राख आणि चकाकी आणणारी पावडर यांपासून पात्र दूर ठेवावे. भुरभुरणारे फिकट हिरवे ठिपके दिसल्यास मात्र तो धातूचा रोग समजावा. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत तो बळावतो. अशा वेळी पात्र कोरड्या जागी ठेवून जाणकाराचा सल्ला घ्यावा.

विकत घेण्याआधी डोळा तयार व्हावा हे उत्तम. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जपानी कलावस्तू आहेत. तेथे तासभर उभे राहून रंग पाहावेत. हात लावण्याची इच्छा आवरणे हाही अभ्यासच.

माझ्या पात्राला नवा रंग चढवून देण्याची तयारी एका कारागिराने दाखविली होती. मी नको म्हटले. तो रंग जुना दिसला असता, जुना झाला नसता. पुढे आईला सारी हकीकत कळली, तेव्हा ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "मग आता याला कोणी हात लावायचा नाही." तिने तो नियम अखेरपर्यंत पाळला. आता सिंहाच्या आयाळीच्या खोबणींत पुन्हा किंचित काळिमा धरू लागली आहे. दिवाळीची भांडी आजही आमच्याकडे चिंचेनेच घासतात. धूपपात्र तेवढे फडताळात राहते.