‘आधी जमीन, मग दारूचं बघू’ हे आम्हाला मान्य नाही



सभेत दारूचा विषय निघाला की जुने कार्यकर्ते म्हणतात, “पोरांनो, आधी पट्टे मिळू द्या, मग दारूचं बघू.” आम्ही पोरं-पोरी संघटनेतच वाढलो, मोर्च्यात तुमच्या मागं चाललो. तुमचा मान ठेवतो, पण हे ऐकणार नाही. आपल्या ठाणे-पालघरच्या जंगलपट्टीत किती जमीन दारूच्याच वाटेनं गेली ते आठवा.

इंग्रजानं १८७८ ला अबकारी कायदा आणला. घरी मोहाची गाळणं गुन्हा झालं, ठेकेदाराच्या दुकानातली पिणं कायदेशीर झालं. १८९२ ला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही बंधनं आली. झाड आपलं, फुलं आपली, आणि चोर आपणच! मग दुकानात उधारी, उधारीवर अंगठा, अंगठ्यावर जमीन. दारूवाला सावकार झाला, सावकार जमीनदार झाला. अशाच जमीनदारांच्या वेठीविरुद्ध १९४५ ला वारली उठले.

आज दुकानदार बदलला, वाट तीच आहे. दमण-सिल्वासाची स्वस्त दारू चोरवाटेनं पाड्यात येते. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद, तरी टपरीवर पुड्यांच्या माळा लटकतात. पंचवीस वर्षांखालच्या पोराला दारू द्यायची नाही असा कायदा आहे, पण शाळेतल्या पोराच्या हातात क्वार्टर दिसते. बाहेरचे शहाणे म्हणतात, आदिवासी पिणारच, त्यांची संस्कृतीच ती. देवाला धार टाकायला पानाचा द्रोण पुरतो. क्वार्टर आपल्या कुठल्या देवानं मागितली?

पोरगा पितो का, हे मात्र कोणी विचारत नाही. बारावी झाली, भरती निघत नाही, शेतातलं काम दिवाळीपर्यंतच. मग वीटभट्टी नाहीतर भिवंडीची गोदामं. उचल फिटत नाही. परत येतो तो गप्प गप्प, रात्री डोळा लागत नाही. घरचे म्हणतात आळशी झाला, शेजारी म्हणतात बाहेरचं लागलं. तो झोप यावी म्हणून पितो, मग पिल्याशिवाय झोपच येत नाही. त्याला झाडाला बांधून, दंड लावून काय होणार? उलट तो लपून पिईल. कोणी ‘मला जगायचं नाही’ म्हणाला तर ती नशेतली बडबड समजू नका. त्याला एकटा सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध लांब ठेवा.

आणखी एक सांगतो. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडू नका. एक-दोन दिवसांत हात थरथरतात, फिट येते, नसलेली माणसं दिसायला लागतात. लोक म्हणतात भूत लागलं. हा आजार आहे आणि यात माणूस मरतो. भगताला हात ठेवू द्या, आमचं भांडण नाही, पण तेवढ्यात जीप काढा आणि दवाखान्यात न्या. मन खचलेलं असेल तर १४४१६ या सरकारी नंबरावर फुकट बोलता येतं, रात्रीसुद्धा.

आता कायद्याचं. १९९६ च्या पेसा कायद्यानं नशेच्या मालाची विक्री आणि सेवन बंद करण्याचा, त्यावर बंधन घालण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. पाड्याची ग्रामसभासुद्धा हा ठराव करू शकते. वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो, तो विकता येत नाही. तरी नोटा दाखवून, बाटली पुढं ठेवून कोरा कागद सही करून घेणारे दलाल फिरतातच. पट्टा मिळवायला आपण वर्षानुवर्षं झगडलो. तो राखायला शुद्धीत राहणारा पोरगा लागेल की नाही?

आणि हो, दर वेळी भट्टी फोडायला बायांनीच का जायचं? पुरुषांनी ओट्यावर बसून ‘शाबास’ म्हणायचं, एवढंच?

लग्नसराई आता तोंडावर आहे. त्याआधीच्या ग्रामसभेत पट्ट्यांच्या विषयाच्या खाली नाही, त्याच्या बरोबरीनं हा विषय लिहून घ्या: पाड्यात माल कोण आणतो, त्याला कोण अडवणार, आणि भट्टीवरून परतलेल्या प्रत्येक पोराच्या घरी कोण जाऊन बसणार. नावं त्याच बैठकीत लिहा. संघटनेचे पुढारी पीत असतील तर त्यांचंही नाव यादीत येईल, ते आम्ही आत्ताच सांगून ठेवतो.