तो आळशी नव्हता

काही वर्षांपूर्वी माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. मराठीचं पुस्तक समोर धरलं की त्याला घाम फुटायचा. ‘भ’ला ‘म’ वाचायचा, ‘घ’ला ‘ध’. फळ्यावरच्या चार ओळी उतरवायला अख्खा तास लागायचा. मी त्याच्या वहीवर लाल शाईने शेरा मारला, ‘लक्ष देत नाही’. अम्मीला बोलावून तेच ऐकवलं. ती हळूच म्हणाली, “मॅडम, मकतबमध्ये तर हाफिजसाहेब म्हणतात, ऐकून याचा सबक सगळ्यांत आधी पाठ होतो.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जो मुलगा ऐकून एवढं लक्षात ठेवतो, तो मंद किंवा आळशी कसा?

उर्दू माध्यमातल्या मुलांवर लिप्यांचं ओझं मोठं असतं. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. उर्दूत बे, पे, ते, से यांच्यात फरक फक्त नुक्त्यांचा. जेर-जबर बहुतेक वेळा लिहिलेच जात नाहीत. मराठीत ‘कि’ची वेलांटी उच्चारात नंतर, पण लिहिताना आधी. बहुतेक मुलं हे सरावाने पार करतात. काहींना मात्र अक्षर आणि आवाज यांची सांगड घालणंच जड जातं. त्यालाच वाचनाची अक्षमता म्हणतात. तिचा बुद्धीशी संबंध नसतो. पण आपण “उर्दूवाल्यांचं मराठी असंच” म्हणून मोकळे होतो. हे मूल उर्दूतही तसंच अडखळतं का, एवढं तरी पाहावं की नाही? मी ते पाहिलं नव्हतं.

बी.एड.ला आम्ही शिकलो होतो, काही मुलं पाहून शिकतात, काही ऐकून, काही हातांनी करून. मुलांना असे शिक्के मारून शिकवल्याने शिकणं सुधारतं, याला संशोधनात भक्कम आधार मिळालेला नाही. पण एकच धडा बोलून, दाखवून, करून घेऊन शिकवला तर वर्गातल्या सगळ्यांचाच फायदा होतो.

आणि ही शिक्षकाची मेहेरबानी नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा मुलाचा मानसिक छळ करायला मनाई करतो. सगळ्यांसमोर ‘ढ’ म्हणणं आणखी काय असतं? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. ती लवकरात लवकर ओळखून उपाय करणं ही त्या कायद्याने शाळेवर टाकलेली जबाबदारी आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हेही त्यात लिहिलेलं आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या किती पालकांना हे माहीत आहे? प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात खेटे घालायचे ते रोजंदारी बुडवून. तिथला रस्ता दाखवणं, कागद भरून देणं, हे शाळेने करायला हवं.

पुढे मी त्या मुलाची तोंडी परीक्षा घेऊ लागले. धडा मोठ्याने वाचून दाखवायचे, मग प्रश्न विचारायचे. तो उत्तरं द्यायचा, पूर्ण वाक्यांत, चांगल्या मराठीत. वाचन सुधारायला वेळ लागला, पण शाळेत येणं त्याने सोडलं नाही.

शिक्षकांनो, वहीवर ‘लक्ष देत नाही’ लिहिण्याआधी एकदा स्वतःला विचारा, लक्ष नेमकं कोण देत नाहीये?