लाभार्थी किती ते नको, पोरगं बरं झालं का ते सांगा

दर ऑक्टोबरात मानसिक आरोग्य दिनाची प्रेसनोट येते. अमुक शाळेत व्याख्यान, तमुक गावात शिबिर, इतके लाभार्थी, दीपप्रज्वलन कुणाच्या हस्ते. फोटोत बॅनर स्पष्ट, पोरं मागच्या रांगेत.

हातावर ब्लेडनं ओरखडे काढणारी आठवीतली मुलगी, घरात आदळआपट करणारा, शाळेनं नाव कमी केलेला मुलगा, यांचं पुढं काय झालं? विचारलं की उत्तर ठरलेलं, "रेफर केलं." कुठं? गेली का? किती वेळा? आता वर्गात बसते का? प्रेसनोटमध्ये यातलं काहीच नसतं.

हे मोजता येत नाही म्हणू नका. अमेरिकेत फोर्ट ब्रॅग या लष्करी छावणीत १९९० च्या दशकात सैनिकांच्या मुलांसाठी तब्बल ८ कोटी डॉलरचा प्रयोग झाला. इस्पितळात ठेवण्याऐवजी शक्यतो घराजवळच सगळ्या सेवा, आणि त्यांची सांगड घालणारा माणूस. लिओनार्ड बिकमन यांच्या पथकानं या मुलांची तुलना दुसऱ्या दोन छावण्यांतल्या, नेहमीचे उपचार घेणाऱ्या मुलांशी केली. निकाल काय? जास्त मुलांपर्यंत सेवा पोचली, पालक खूश, खर्च जास्त. पण मुलांच्या तब्येतीतली सुधारणा दुसरीकडच्या मुलांइतकीच! मोठा वाद झाला त्यावर. आपल्या प्रेसनोटच्या मापानं मात्र तो कार्यक्रम शंभर टक्के यशस्वी ठरला असता.

"मग पैसेच कशाला घालवायचे?" म्हणणाऱ्यांनी थांबावं. तिथं तुलनेतल्या मुलांनाही उपचार मिळत होते. आपल्याकडं डॉक्टर गाठायचा तर बापाची रोजी बुडते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. म्हणजे त्या मोजणीत आपली पोरं नव्हतीच.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या साहेबांना माझी मागणी फार मोठी नाही. पालक-शिक्षकांनी भरायची २५ प्रश्नांची एसडीक्यू प्रश्नावली आहे. पहिल्या भेटीला भरून घ्या, सहा महिन्यांनी पुन्हा भरा. शाळेतली हजेरी जोडा. उपचार मधेच सोडलेल्यांचा आकडा द्या, आणि तो झाकू नका. नावं नकोत.

माहिती अधिकाराचा अर्ज या आठवड्यात टाकतोय. पालक, शिक्षक, आशाताई, तुमचा अनुभव मेसेजवर कळवा, कमेंटमध्ये मुलांची नावं लिहू नका. आकडे वाईट निघाले तरी छापू. दीपप्रज्वलनाचा फोटो नाही पाठवला तरी चालेल.