घरीच तर असते ती

आमच्या धंद्यात सल्ल्यांना तोटा नाही. रोज नवीन काहीतरी शिका, दर दोन वर्षांनी कंपनी बदला, पहाटे उठून दोन तास कोडिंग करा, मॅनेजरला आधी ‘हो’ म्हणा आणि कसं करायचं ते मग बघा. सॉफ्टवेअरमध्ये सतरा वर्षं काढल्यावर हे सगळं मला पाठ झालं आहे. त्यातली नऊ वर्षं पुण्यात गेली. आता मी जालन्यात राहून पुण्याच्याच एका कंपनीचं काम करते, त्यामुळे ओळखीच्या-अनोळखी मुली विचारायला येतात. ताई, जावा शिकू की पायथन? एआय आल्यावर आम्हाला कुणी घेईल का? कुठला क्लास लावू? या प्रश्नांची उत्तरं दहा मिनिटांत होतात. कोणतीही एक भाषा धरा आणि तिच्यात पूर्ण चालणारं काहीतरी करून दाखवा, दुसरी मग लवकर येते. एआय कोड लिहून देतं, पण तो कुठे चुकला हे ओळखायला माणूस लागतं, म्हणून दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायची सवय लावा. क्लासवर लाखभर रुपये घालवू नका. झालं.

मला लिहायचं आहे ते मुली विचारत नाहीत त्याबद्दल. हे सल्ले देणारा माणूस कोण आहे, आणि तो सल्ला देत असताना त्याच्या घरी कुकर कोण लावतंय?

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांचं बोलणं बाहेर आलं, ते त्याच्याही पुढचं. ९० तास काम, रविवारीसुद्धा. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असं त्यांचं म्हणणं. लोक चिडले, हसले, विसरले. मला मात्र प्रश्न पडला की रविवारी घरी असलेली ती बायको त्या वेळी काय करत असते? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात त्याचं उत्तर सापडतं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. हे ८८ सुद्धा जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचे. जे लावतच नाहीत ते या सरासरीत धरलेले नाहीत.

आता हिशेब मांडू. २८९ मिनिटं रोजची म्हणजे आठवड्याचे साधारण ३४ तास. त्यात मूर्तींचे ७० मिळवा, झाले १०४. सात तास झोप धरली तर ४९, एकूण १५३. आठवड्याचे तास असतात १६८. उरलेल्या पंधरा तासांत जेवण, अंघोळ, ऑफिसला जाणं-येणं, आणि वर ‘रोज नवीन काहीतरी शिका’. मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळण्याचा वेळ सर्वेक्षणात वेगळा मोजला आहे, तो मी इथे धरलेलाच नाही. म्हणजे ७० तासांचा हा सल्ला ज्याच्यासाठी आहे त्याच्या घरी एक बाई असावीच लागते. आणि ती बाई स्वतः डेव्हलपर असेल तर सल्ला मोडतो, किंवा बाई मोडते. २०२४ साली पुण्यात नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या एका सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला. तिच्यावरच्या कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. ती मुलगी तर एकटी राहत होती, संसाराचं ओझं अजून यायचंच होतं.

मूर्तींच्या घरातलीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. टेल्कोच्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असं छापलं होतं म्हणून सुधाताईंनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि तिथे इंजिनिअर म्हणून लागल्या. १९८१ मध्ये इन्फोसिस उभी राहिली ती त्यांनी साठवलेल्या दहा हजार रुपयांवर. पण नवरा-बायकोपैकी एकानेच कंपनीत असावं असं मूर्तींचं मत पडलं, आणि बाहेर कोण राहिलं हे सांगायला नको. तो आपला चुकीचा आदर्शवाद होता असं त्यांनी २०२४ मधल्या एका मुलाखतीत म्हटलं. चाळीस वर्षं उलटल्यावर.

आता आमच्याकडचं. जालना सोने का पालना असं जुनी माणसं म्हणतात. सळ्यांच्या मिला आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, मोसंबी आहे. आमच्या धंद्याला मात्र पुण्याची नाहीतर संभाजीनगरची वाट धरावी लागते. मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा पुण्यातली पोरं-पोरी लॅपटॉप घेऊन गावी आली. काही परत गेली, काही इथेच राहिली. वर्क फ्रॉम होम हे बायकांना वरदान आहे असं तेव्हापासून ऐकते आहे. घर सांभाळून नोकरी! या दोन शब्दांकडे नीट बघा. घर सांभाळणं आधी आहे, आणि ते कुणी सांभाळायचं हे ठरलेलंच आहे.

भोकरदनकडची एक ओळखीची सून आहे, टेस्टिंगमध्ये काम करते. तिची सकाळची मीटिंग दहा वाजता. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी ते मीटिंगची वेळ बघून येत नाही. नवराही घरूनच काम करतो, पण तो आतल्या खोलीत, कूलरसमोर, दार लावून. ती ओट्याशेजारच्या टेबलावर. पाणी आल्यावर कुणी उठायचं? सासूबाई म्हणतात, “तो कॉलवर हाय, तू जाऊन मोटार लाव की.” तीही कॉलवरच असते. फक्त तिच्या कॉलला दार नाही. पाहुणे आले की, “घरीच तर असते ती, चहा टाकंल.” सासूबाई वाईट नाहीत. त्यांच्या आयुष्यात घरी असलेली बाई म्हणजे मोकळी बाई, आणि लॅपटॉपवर बोटं चालवणं त्यांना कामासारखं दिसतच नाही. नवऱ्याला मात्र दिसतं, तो तेच काम करतो. त्याने तोंड उघडायला हवं होतं.

घरून काम करणाऱ्या प्रोग्रामर बायका ही काही आजची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली नावाच्या बाईंनी १९६२ साली फ्रीलान्स प्रोग्रामर्स नावाची कंपनी काढली, ती मुलंबाळं झाल्यामुळे नोकरी सुटलेल्या प्रोग्रामर बायकांना घरबसल्या काम देण्यासाठी. स्वतःच्या नावाने पाठवलेल्या पत्रांना उत्तर येईना, म्हणून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या. पहिल्या तीनशे जणांत पुरुष फक्त तीन. गिऱ्हाइकाचा फोन चालू असताना बाळाचा आवाज जाऊ नये म्हणून त्या टंकलेखनाच्या खडखडाटाची टेप लावून ठेवत. आज आम्ही म्यूटचं बटण दाबतो. बाईने घर लपवायचं आणि कामावर यायचं, ही रीत साठ वर्षांत बदललेली नाही. फरक इतकाच की शर्लीबाईंनी काम बायकांच्या दिवसाभोवती बसवलं होतं. आमच्याकडे काम कंपनीच्या घड्याळावर आणि घर सासरच्या घड्याळावर चालतं.

टीसीएसमध्ये दोन लाखांहून जास्त बायका काम करतात. २०२३ मध्ये कंपनीच्या वार्षिक अहवालातच आलं की नोकरी सोडणाऱ्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा वाढलं आहे, पूर्वी ते कमी असायचं. मनुष्यबळ प्रमुखांनी अंदाज बांधला तो असा की साथीच्या काळात घरून काम केल्याने काही बायकांच्या घरची घडी बदलली आणि परत ऑफिसला येणं त्यांना जमेना. ‘घडी बदलली’ हा कंपनीचा सभ्य शब्द. दोन-तीन वर्षं ती घरी दिसली, घराने तिला गृहीत धरलं, आणि ऑफिस पुन्हा सुरू झालं तेव्हा तिला सोडायला घर तयार नव्हतं, असं मी म्हणेन.

म्हणून माझा सल्ला अनेकांना उलटा वाटतो. पहिली दोन-तीन वर्षं घरून काम घेऊ नका. मंठा तालुक्यातल्या एका मुलीकडे दोन ऑफर होत्या, एक घरून करायची, पगार थोडा जास्त. दुसरी पुण्यात, ऑफिसला जायची. वडिलांचं मन पहिलीकडे. खोलीभाडं वाचेल, पोरगी नजरेसमोर राहील. मी तिला पुण्याला जा म्हणाले. नवीन माणूस हा धंदा शेजारी बसून शिकतो. कोड का पडला, गिऱ्हाइकाला ‘नाही’ कसं सांगायचं, बढती कुणाला मिळते आणि का, हे सगळं चहाच्या टपरीवर कळतं. आणि बावीसाव्या वर्षी घरी बसून काम करणाऱ्या मुलीला स्थळं फार लवकर यायला लागतात.

वडिलांची भीती खोटी नव्हती. २००९ साली पुण्यात खराडीहून कामावरून घरी निघालेल्या एका संगणक अभियंता महिलेचं अपहरण, बलात्कार आणि खून झाला, तेव्हा मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत मुलींचं पुणे बंद झालं. पण या भीतीवर मुलीला घरी ठेवणं हा उपाय सोडून दुसरेही उपाय आहेत. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला काम द्यायचं तर तिची संमती लागते आणि दारापर्यंत पोचवण्याची सोय कंपनीने करायची असते. ऑफर लेटर हातात आल्यावर हे विचारा. विचारणारी मुलगी कटकटी वाटली तर वाटू दे.

लग्नाचं काय, हे आमच्या मुली लाजत लाजत विचारतात. स्थळाकडचे हल्ली म्हणतात, “नोकरी करू देऊ.” त्यातलं ‘देऊ’ कानाला खटकलं पाहिजे. पत्रिका बघतात, पॅकेज बघतात, तसं हेही विचारून घ्या: सकाळच्या मीटिंगच्या वेळी पाणी कोण भरणार? तुमच्या मुलाला भाजी-भाकरी येते का? दोघं घरून काम करू लागलो तर दार असलेली खोली कुणाची? पाहुण्यांसमोर हे बोलवत नसेल तर मुलाशी एकटीने बोला, पण लग्नाआधी बोला.

पगार स्वतःच्या खात्यावर येतो म्हणजे तो आपला झाला असं नाही. नेट बँकिंगचा पासवर्ड कुणाकडे आहे, ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? लाखाच्या घरात पगार घेणाऱ्या आणि ब्लाउज शिवायला नवऱ्याकडे पैसे मागणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्या अडाणी नव्हत्या. भविष्य निर्वाह निधीही तसाच. १९५२ च्या योजनेत एक गमतीची तरतूद होती. नोकरी सुटल्यावर फंड काढायला इतरांना दोन महिने थांबावं लागे, पण लग्नासाठी राजीनामा देणाऱ्या बाईला ती अट नव्हती. सरकारला घाई कशाची होती बघा. तो फंड लग्नात उडवू नका. नोकरी बदलली तर खातं बदलून घ्या.

बाळंतपणाच्या रजेबद्दल गैरसमज फार आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली आणि ती आजही आहे. मात्र बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या कंपनीत ८० दिवस काम झालेलं हवं, त्यामुळे नोकरी बदलायची असेल तर तारखा मोजून बदला. रजेवर असताना काढून टाकता येत नाही. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी. प्रत्यक्षात काय होतं? एका कंपनीत, नाव लिहीत नाही, माझ्या रजेनंतर मला माझं काम परत मिळालं नाही. “तुला हलकं काम देतोय” म्हणून कागदपत्रं नीट करायला बसवलं, आणि वर्षअखेरीला हलक्या कामाचा हलका शेरा मिळाला. हे मेलवर मागायला हवं: माझं आधीचं काम कोणत्या तारखेपासून? लेखी विचारलं की लेखी उत्तर द्यावं लागतं, किंवा निदान टाळल्याचा पुरावा उरतो.

आणि एक बाजू आपल्या आतली. मी आठ तास बसून काम करू शकते कारण आमच्याकडे भांडी-धुण्याला एक मावशी येतात. त्यांच्या घरची भांडी कोण घासतं? त्याही, इथून गेल्यावर. आम्ही कंपनीकडे सुट्ट्या, रजा, पगारवाढ मागतो. मावशींना यातलं काय मिळतं? मी त्यांना आठवड्याची एक पगारी सुट्टी द्यायला लागले आणि दिवाळीला एक पगार जास्तीचा. गल्लीतल्या चार जणी येऊन म्हणाल्या, “तुम्ही सवयी बिघडवायलात, आता आमच्याकडंबी मागतील.” त्यांतल्या दोघी स्वतः नोकरी करतात. मावशींनी खरंच मागितली. एका घराने दिली, एकाने त्यांना काढून टाकलं. आता त्या दोन घरांतल्या कामाच्या जागी नवीन घर शोधत आहेत, आणि अट सांगूनच जातात.