तोशीस

भाऊबीजेला मी एकलहऱ्याला अक्काकडे जातो. गेल्या वर्षी ओवाळणी झाली, फराळाची ताटे आली, आणि दाजींनी चकलीला हातही न लावता माझ्यापुढे एक स्टँपपेपर ठेवला.

"मास्तर, तुम्ही मराठी शिकवता ना? मग या ओळीचा अर्थ सांगा."

ओळ अशी : 'सदर कर्जापोटी तुम्हांस कोणतीही तोशीस लागू देणार नाही.'

दाजींच्या एका मित्राने वीज केंद्राची राख वाहण्यासाठी टिपर घेतला. त्याच्या कर्जाला दाजींनी राहते घर गहाण दिले. बदल्यात हा कागद मिळाला. आता हप्ते थकले होते आणि नोटीस दाजींच्या दारी आली होती. मित्र म्हणे, "तुमचा एक रुपया तरी गेलाय का? गेला की बघू!"

तोशीस म्हणजे झीज, खर्च, त्रास. पण ती लागते केव्हा? घराचा लिलाव झाल्यावर, की नोटीस वाचून अक्काची झोप उडते तेव्हा? माझी मराठी इथे अडली. वकिली करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी फोन लावला. त्याने मला १९४२ सालच्या मुंबईत नेले.

गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री हा तो खटला. परेळकरांनी महापालिकेच्या एका प्लॉटवरचा आपला हक्क मंत्र्यांना दिला. मंत्र्यांनी बांधकाम काढले. सामान पुरवणाऱ्याचे पाच हजार थकले, मग आणखी पाच हजार. आणि दोन्ही वेळा बोजा मात्र परेळकरांनी लिहून दिला! तो फेडून त्यांना मोकळे करण्याचे मंत्र्यांनी कबूल केले होते. दावा लागल्यावर त्यांचे म्हणणे हेच : वादीचे अजून काही गेलेलेच नाही, दावा अवेळी आहे.

न्यायमूर्ती छागलांनी ते मानले नाही. १८७२ च्या करार कायद्यातली १२४ आणि १२५ ही कलमे म्हणजे हमीचा सगळा कायदा नव्हे, असे त्यांनी सांगितले. आधी स्वतःच्या खिशातून भरा आणि मग मागा, असे म्हटले तर ज्याच्याजवळ भरायलाच काही नाही त्याला त्या हमीचा उपयोग काय? देणे निश्चित झाले असेल तर हमी देणाऱ्याला ते आधीच फेडायला लावता येते. नुसती भीती मात्र पुरत नाही.

"आणखी एक विचारतो," दाजी हळूच म्हणाले. मित्र पन्नास हजार द्यायला तयार होता. फक्त 'आता माझी कसलीही तक्रार राहिली नाही' एवढे लिहून हवे होते.

विद्यार्थी फोनवरच ओरडला, "सर, सही करू देऊ नका!" करार कायद्याच्या ६३ व्या कलमानुसार माणूस आपला हक्क राजीखुशीने सोडू शकतो, थोडक्यावर समाधानही मानू शकतो. दडपण आणून घेतलेली पावती अखेरची नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका विम्याच्या प्रकरणात म्हटले आहे खरे. पण ते दडपण शाबीत कोणी करायचे? सही करणाऱ्यानेच. शिवाय पन्नास हजारांत ना कर्ज फिटणार होते, ना घर सुटणार होते.

दाजींनी सही केली नाही. अक्काने तो स्टँपपेपर देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवला. पाडव्यानंतर नाशिकरोडच्या वकिलाकडे जाताना तिनेच तो काढून दिला, तेव्हा त्यावर हळदीचे बोट उमटलेले होते.

दावा चालू आहे. पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतरची.