दानाचा फोटो आणि आपले शेरे

मे २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, 'एवढं कमावता, लोकांसाठी काय करता?' असा मारा अमिताभ बच्चन यांच्यावर समाजमाध्यमांतून चालू होता. अखेर त्यांनी मदतीची यादीच जाहीर केली. दीड हजारांहून अधिक शेतकऱ्यांची कर्जफेड, दिल्लीच्या रकाबगंज गुरुद्वाऱ्यातल्या कोविड केंद्राला दोन कोटी आणि आणखी बरंच काही. हे सांगायला संकोच वाटतो, असंही त्यांनी लिहिलं. त्याच्या वर्षभर आधी अक्षय कुमार यांनी पीएम केअर्सला २५ कोटी जाहीर केले, तेव्हा दानाचा आकडा सांगायचा असतो का, म्हणून टीका झाली. विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी आकडा सांगितला नाही, तर तो का लपवला, म्हणून टीका झाली.

गुप्तदानाचा आदर्श आपल्याला प्रिय आहे, हे खरं. पण आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर, शाळांच्या पंख्यांवर, धर्मशाळांच्या दारांवर देणगीदारांची नावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गावानं ती वाचली आणि पंख्याखाली बसून मुलं शिकली. दान सांगितल्यानं बाटत नाही.

उलट कधी कधी सांगणं हेच काम असतं. २०२० च्या टाळेबंदीत सोनू सूद यांनी ठाण्याहून कर्नाटकातल्या मजुरांसाठी बस सोडल्या आणि ते ट्विटरवर सांगत राहिले, म्हणून तर अडकलेल्या इतरांना दार कुठे ठोठावायचं ते कळलं. पुढच्या वर्षी कोहली-शर्मा दांपत्यानं करोनाच्या मदतीसाठी स्वतःचे दोन कोटी घालून लोकांना हाक दिली आणि आठवडाभरात ११ कोटींहून अधिक जमले. त्यात एका कंपनीचा मोठा वाटा होता, पण हाक मूकपणे देता आली नसती.

दानाच्या फोटोत मला खुपतो तो देणाऱ्याचा नव्हे, घेणाऱ्याचा चेहरा. एखाद्या बाईच्या हातात शिध्याची पिशवी, नजर खाली आणि शेजारी हसणारा नट. त्या बाईनं पिशवीसाठी हात पुढे केला होता, छायाचित्रासाठी नाही. नाही म्हणायची तिची सोय तरी होती का? उद्या तिच्या मुलाच्या वर्गातली पोरं तो फोटो एकमेकांना पाठवतील. नट दुसऱ्या चित्रीकरणाला निघून जातो, गरजू म्हणून झालेली ओळख मात्र त्या घराला चिकटून राहते. अशा फोटोखाली आपण लाखो बदाम टाकतो, हे मला लाजिरवाणं वाटतं.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. सप्टेंबर २०२१ मध्ये प्राप्तिकर खात्यानं म्हटलं, की सूद यांच्या संस्थेनं त्या एप्रिलपासून १८ कोटी ९४ लाख रुपये गोळा केले, खर्च एक कोटी ९० लाख झाले आणि सुमारे १७ कोटी पडून आहेत. एकेक रुपया जीव वाचवण्यासाठीच आपली पाळी येण्याची वाट पाहतो आहे, असं सूद यांचं उत्तर होतं. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी जमवलेला पैसा चार-सहा महिन्यांत संपत नाही, हे समजण्यासारखं आहे. तो कधी आणि कशावर खर्च होणार, हे विचारणंही तितकंच रास्त आहे. पण चर्चा झाली ती देवमाणूस की ढोंगी, एवढ्यावरच. चाहते आणि द्वेष्टे, दोघांनीही आकड्यांकडे ढुंकून पाहिलं नाही.

महाराष्ट्रात नोंदलेल्या सार्वजनिक न्यासांना लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. एखाद्या नामवंताच्या आवाहनावर तुम्ही पैसे पाठवले असतील, तर त्याच्या पोस्टखाली तो हिशेब मागा. आणि घेणाऱ्याचा चेहरा दिसत असेल तर तो काढा, असं तिथेच, नम्रपणे पण स्पष्ट लिहा.