कार्यानुभवाचा तास परत मिळावा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : इयत्ता सहावी ते दहावीचे कार्यानुभव व व्यवसाय शिक्षणाचे तास प्रत्यक्ष कामाचे व्हावेत आणि नववीत घेतलेला व्यवसाय विषय बदलण्याची मुभा मिळावी, याबाबत.

महोदय,

पलूस तालुक्यातील (जि. सांगली) पालक, माध्यमिक शिक्षक, लहान कारखानदार आणि द्राक्षबागायतदार असे आम्ही खाली सही करणारे आपणांस हे निवेदन सादर करीत आहोत.

आमच्याकडे एका पिढीपूर्वी दहावी झालेल्या मुलाला पुढचा बेत विचारला की ‘वाडीत लागायचं’ एवढेच उत्तर मिळे. वाडी म्हणजे किर्लोस्करवाडी. आता तसे राहिलेले नाही. सहावीतला मुलगा पोलीस व्हायचे म्हणतो, आठवीत युट्यूबर, नववीत त्याला ड्रोन उडवायचा असतो आणि दहावीत विचारले तर म्हणतो, ‘बघू किती टक्के पडतात.’ बेत बदलतो याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. या वयात तो बदललाच पाहिजे. पण तो बदलतो मोबाइलवर काय दिसले, मावसभाऊ कुठे लागला आणि गुणपत्रिकेत काय आले यावरून. स्वतः काही करून पाहिले आणि त्यामुळे विचार बदलला, असे मूल आमच्या पाहण्यात क्वचित येते.

वाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तिथे ध्यानात आले की आपल्याला रंगांधळेपणा आहे. चित्रकला सुटली, पण यांत्रिक रेखाटन उत्तम जमत होते. त्या बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या ओसाड माळावर कारखाना. एक वाट बंद आहे आणि दुसरी उघडी आहे, हे त्यांना काम करताना कळले. आमच्या मुलांना ते कळायला शाळेत जागा उरलेली नाही, हे आमचे मुख्य म्हणणे आहे.

वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास आहे. प्रत्यक्षात तो गणिताच्या किंवा इंग्रजीच्या उरलेल्या धड्याला जातो. वर्षाच्या शेवटी पुठ्ठ्याचे घर किंवा कागदी फुलांची परडी जमा होते. ती बहुधा आईने रात्री जागून केलेली असते, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली. तिच्यावर श्रेणी मिळते. यात शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच म्हटले आहे की सहावी ते आठवीत शंभरहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. आमच्यापैकी ज्यांची मुले अशा शाळांत आहेत, त्यांनी कार्यशिक्षणाचा निदेशक पाहिलेला नाही. मग भाषेचा शिक्षक सुतारकाम कुठून शिकवणार?

कल्पनांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची मांडणी झाली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा आवश्यक भाग मानला. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तर २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय व्हावा असे ठरवले होते. ते वर्ष उलटले आहे.

काही माध्यमिक शाळांत नववीपासून व्यवसाय विषय सुरू झाले, हे आम्ही मान्य करतो व त्याचे स्वागत करतो. पण बहुतेक ठिकाणी निवड एकदोन विषयांतच आहे आणि नववीत जो घेतला तोच दहावीला चालवावा लागतो. चौदाव्या वर्षी ऑटोमोबाईल घेतलेल्या मुलाला चार महिन्यांत कळले की आपल्याला यंत्रांपेक्षा माणसांत रमायला आवडते, तर त्याने काय करावे? ज्या विषयाने मुलाला स्वतःची ओळख व्हायची, तोच त्याला बांधून घालतो. त्यातही ऑटोमोबाईल मुलांचे आणि सौंदर्यसेवा मुलींची, ही वाटणी कुणी लेखी न सांगताही पाळली जाते. शिवाय ‘अभ्यासात कच्चा आहे, त्याला तिकडे घाला’ हे वाक्य पालकसभेत अजून सर्रास ऐकू येते. ते बोलणाऱ्यांत आम्ही पालकही असतो.

राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली. हेतू चांगला होता. पण ज्याने कधी रंधा धरला नाही, प्लगची तार जोडली नाही, आजारी माणसाचा ताप मोजला नाही, त्याने आपला कल कशाकडे आहे हे पडद्यावर टिचकी मारून कसे सांगावे? ती चाचणी पुन्हा सुरू करा, असे आम्ही म्हणत नाही. आधी काम द्या. कल आपोआप दिसेल.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत ४१ देशांतील पंधरा वर्षांच्या मुलांपैकी ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली त्याच त्या दहा लोकप्रिय व्यवसायांची नावे घेत होत्या. त्या पाहणीत भारत नव्हता. आमच्या तालुक्यात दहा तरी नावे निघतील का, याची शंका आहे. तालुक्यात मात्र कामांची रेलचेल आहे. एका द्राक्षबागेत खरड छाटणीपासून ऑक्टोबर छाटणी, विरळणी, औषधांच्या अंशाची तपासणी, पॅकिंग आणि निर्यातीच्या कागदपत्रांपर्यंत निरनिराळ्या कौशल्यांची माणसे लागतात. बागायतदाराच्या मुलालाही यातली निम्मी कामे करिअर म्हणून ठाऊक नसतात.

उपाय नव्याने शोधायला नको. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून ग्रामीण शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुले अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा चारही विभागांत काम करतात. वेल्डिंग करणारी मुलगी आणि रक्तगट तपासणारा मुलगा तिथे नवलाचे नाहीत. चारही ठिकाणी हात घालून झाल्यावर मूल जेव्हा म्हणते की ‘मला हे नको’, तेव्हा त्या नकारालाही किंमत असते.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अशी, की सहावी ते आठवीत आठवड्यातून सलग अर्धा दिवस प्रत्यक्ष कामासाठी राखून ठेवावा, प्रत्येक मुलाला व मुलीला चारही विभागांतून फिरवावे आणि हा वेळ दुसऱ्या विषयाला देण्यास लेखी मनाई असावी. सुट्या पस्तीस मिनिटांच्या तासात हत्यारे काढून पुन्हा ठेवण्यापलीकडे काही होत नाही. नववीत व्यवसाय विषय घेणाऱ्यास पहिल्या सत्राच्या अखेरीस, गुणांचे नुकसान न होता, तो बदलता यावा. जवळच्या दोन-तीन शाळांनी मिळून विषय चालवले तर निवडही वाढेल. आमच्याकडे शाळा एकमेकींपासून सायकलच्या अंतरावर आहेत.

कार्यशिक्षणाची निदेशकपदे भरावीत. वेल्डर, वायरमन, परिचारिका, अनुभवी छाटणी कामगार यांना पदवीची अट न घालता मानधनावर शिकवू द्यावे. व्यवसाय शिक्षणाचे प्रशिक्षक आज बाह्यसंस्थेमार्फत कंत्राटावर येतात. त्यांचे मानधन दरमहा वेळेवर द्यावे, म्हणजे वर्ष अर्ध्यावर सोडून ते जाणार नाहीत. मूल्यमापन तयार वस्तूवर नको, मुलाने लिहिलेल्या कामाच्या वहीवर व्हावे.

एक धोका आम्हीच आपल्या नजरेस आणतो. कारखान्यात किंवा बागेत गेलेली मुले फुकटची मजूर ठरू नयेत. उत्पादनाचे काम त्यांना देऊ नये, शिक्षक सोबत असावा, विमा शासनाने उतरवावा आणि १४ वर्षांखालील मुलांनी केवळ पाहावे व शाळेच्या कार्यशाळेतच करून बघावे, असा स्पष्ट आदेश असावा. या अटी न पाळणाऱ्याकडे मुले पाठवायला आमचाही विरोध राहील.

आमच्यातील कारखानदार व बागायतदार आठवड्यातून एक दुपार आपली जागा, अवजारे आणि जाणकार माणूस विनामूल्य देण्यास तयार आहेत. अडले आहे ते शाळांना परवानगी देणाऱ्या पत्रासाठी. येत्या जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी आपण आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी आणि निदान या तालुक्यापुरती ती परवानगी प्रायोगिक तत्त्वावर द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
पालक, शिक्षक, कारखानदार व बागायतदार,
पलूस तालुका, जि. सांगली

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. आयुक्त (शिक्षण), पुणे
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे